तळहातावरचा थेंब

कांचन : तो चमचा खाली ठेवा बघू. तुम्ही पुढे केलात म्हणून माझं तोंड उघडणार नाही.

श्रीनिवास : अर्ध्या तासापूर्वी यात मऊ खिचडी होती. आता हिच्यानं भिंतीला गिलावा करता येईल. अगं, सहा दिवसांनी धुकं उठलंय. सगळा सेक्टर अडतीस अंगणात येऊन उन्हाला बसलाय. पलीकडच्या गरेवालांच्या म्हातारीनं आत्ता माझ्यादेखत दोन पराठे संपवले, वर मुळा.

कांचन : तिला चव लागते.

इरा : आजी, काल डॉक्टर सुनेत्रा काय म्हणाल्या, आठवतं ना? वजन सदतीस किलो. सोमवारपर्यंत नीट खायला लागली नाहीस तर नाकातून नळी. आणि आज शनिवार आहे, यार.

कांचन : आजीला यार म्हणतेस?

इरा : सॉरी. पण नळी पक्की आहे.

कांचन : नळी मी घालून घेणार नाही. तुम्ही दोघं औषधाच्या दुकानात गेला होतात ना, तेव्हाच सांगितलं मी सुनेत्राला. ती बिचारी नागपूरची पोर, इतक्या लांब नोकरीला आलेली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

इरा : हे तू आम्हाला आत्ता सांगतेस?

कांचन : आत्ता विचारलंत. घशात गाठ होती, तीस वेळा त्या मशीनखाली शेक घेतला, एकदाही कुरकुरले नाही. गाठ गेली. चार महिने झाले, घसा दुखत नाही, गिळताना अडत नाही. पण भात म्हणजे ओला कापूस आणि पोळी म्हणजे पुठ्ठा. चव येईल म्हणतात, सहा महिन्यांनी, वर्षानं. एखाद्याची अर्धीच येते. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं पुठ्ठा कशासाठी चावायचा?

श्रीनिवास : जगायला.

कांचन : हे तुम्ही म्हणताय?

श्रीनिवास : का, मी म्हणू नये?

कांचन : इरा, हे मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी यांना विचारलं, देवधर्म काही करता का. तर हे शांतपणे म्हणाले, "सुख. सुखापेक्षा मोठं काही असेल तर मला अजून कोणी दाखवलेलं नाही." वडील चहाचा कप हातात घेऊन जे आत गेले ते परत बाहेरच आले नाहीत. मी त्या एका वाक्यावर हो म्हटलं. पंचेचाळीस वर्षं ते वाक्य धरून राहिले. आता माझं सुख गेलं, तर म्हणे जगायला खा.

इरा : आजी, तू माझ्यापेक्षा चांगलं मांडतेस हे. माझ्या एम.ए.च्या पेपरात हाच विषय आहे, सुख हेच सगळ्यात मोठं चांगलं असं म्हणणारे लोक. सरांनी परवा मला उभं केलं आणि हाच प्रश्न विचारला. सुख संपलं की मग काय?

कांचन : तू काय सांगितलंस?

इरा : ग्रीसमधल्या एका म्हाताऱ्याचं सांगितलं. गावाबाहेर त्याची बाग होती. लोकांना वाटायचं, सुखाचा एवढा डंका पिटतो म्हणजे रोज मेजवान्या झोडत असेल. तर तो भाकरी आणि पाणी घेऊन बसायचा. चार मित्र असले की झालं. एकदा मित्राला चिठ्ठी लिहून थोडं चीज मागवलं, वाटलं तर चैन करता येईल म्हणून.

कांचन : त्याला भाकरी भाकरीसारखी लागत होती ना?

इरा : हो, ते... लागत असणार.

कांचन : मग त्याचं मला सांगू नकोस.

इरा : आपल्याकडेही होते की तसे. ते म्हणायचे, मासा खायचा तर काट्यासकट आणायचा. काटे आहेत म्हणून कोणी मासा सोडतं का?

कांचन : माझ्या ताटातला मासा गेला, बाळ. नुसते काटे उरलेत.

इरा : आजोबा, बोला ना तुम्ही काहीतरी. 

श्रीनिवास : आठवतोय. त्या कडू कणाचं मी कधी सांगितलं होतं का तुला?

कांचन : शंभर वेळा.

श्रीनिवास : शंभरही वेळा निरनिराळं सांगितलंय, त्यामुळे एकच गोष्ट हिनं दोनदा ऐकलेली नाही. ऐक. डेराबस्सीच्या कारखान्यात मी चव घेणारा होतो, एवढं तुला ठाऊक आहे.

इरा : औषधाची सिरपं चाखायचात.

श्रीनिवास : लहान मुलांची सिरपं. औषध मुळात कडूजहर. ते मूल थुंकणार नाही इतपत गोड कसं करायचं, हे आम्हा सहा जणांच्या जिभेवर ठरायचं. चमचाभर घ्यायचं, दहा आकडे जिभेवर धरायचं, थुंकायचं, कोमट पाणी, कोरड्या ब्रेडचा तुकडा, पंधरा मिनिटं गप्प. मग पुढचं. आणि कामाच्या दिवशी लसूण नाही, मिरची नाही, पान नाही. जीभ कोऱ्या कागदासारखी पाहिजे.

कांचन : म्हणून या घरात सोमवार ते शनिवार मुगाची खिचडी आणि दुधी. बत्तीस वर्षं. माझ्या हाताची सगळी करामत एका रविवारात.

श्रीनिवास : आणि काय रविवार असायचा तो. तर एकदा बाहेरून एक बाटली आली. आत पांढरी भुकटी. साहेब म्हणाले, श्रीनिवासजी, जगात याच्याहून कडू काही नाही, पाण्यात हजारदा पातळ करून मगच चाखायचं. पण मला वाटलं, सगळ्यात कडू काय ते एकदा कळायला नको? सुईच्या टोकावर बसेल एवढा कण मी तसाच जिभेवर ठेवला.

इरा : मग?

श्रीनिवास : मग काही वेळ मला माझं नाव आठवेना. कंपनीच्या बसनं घरी निघालो. झिरकपूरच्या पुलावर मला जांभई आली, तर पुढच्या सीटवरच्या सरदारजींनी हातातली जिलबी खिडकीबाहेर फेकली आणि पुढच्याच थांब्यावर उतरले. सेक्टर सतराला उतरून मी एका झाडाखाली उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या झाडावर एकही पोपट नव्हता.

इरा : आजोबा, मागच्या वेळी सुखना लेकमधली बदकं होती.

श्रीनिवास : बदकं तिसऱ्या दिवशी. घरी आलो तर तोंड अजून कडूजहर. हिनं काही विचारलं नाही. माठातलं पाणी दिलं. नुसतं पाणी, इरा. पहिला घोट घेतला आणि मी खालीच बसलो. इतकं गोड. साखरेचं गोड नव्हे. आपण जन्मल्यापासून पाणी पितो आणि ते असं असतं हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं, तसं. मी हिला विचारलं, काय घातलंस यात?

कांचन : हे मात्र खरं आहे. म्हटलं, माठात काय घालणार? तर हे भांडं हातात धरून बसले. कुठल्या देवळात मी यांचा तसा चेहरा पाहिलेला नाही.

श्रीनिवास : तेच म्हणतोय. तुझी जीभ आत्ता कडूतून निघालीय. पाणी गोड लागेल, थोडी थांब.

कांचन : चार महिने थांबले. पाणीसुद्धा पत्र्याचं लागतं. आणि तुम्हाला काय कळणार हो यातलं? तुमची जीभ शाबूत. सौमित्रच्या चाळिशीला मी खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आठवतं? पोराच्या वाढदिवसाला असा घोळ. सगळ्यांनी वाट्या खाली ठेवल्या आणि तुम्ही तीन वाट्या खाल्ल्यात. मला वाईट वाटू नये म्हणून. रात्रभर पाणी पीत होतात. मी तेव्हा मनात म्हटलं, सुख सुख म्हणणारा हा माणूस माझ्यासाठी खारी खीर पितो. त्या खिरीवर मी आणखी दहा वर्षं काढली असती.

इरा : आजोबा? काय झालं?

श्रीनिवास : कांचन, ती खीर मला खारी लागली नव्हती.

कांचन : पुरे आता. किती चढवाल?

श्रीनिवास : गोडही लागली नव्हती. मला काहीच लागत नाही. चौदा वर्षं झाली.

कांचन : इरा, हे नवीन आहे. हे पूर्वी सांगितलेलं नाही.

श्रीनिवास : त्या थंडीत मला ताप आला होता बघ, अकरा दिवस. इरा तेव्हा नऊ वर्षांची असेल, हिनं माझ्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवायचं काम घेतलं होतं. ताप उतरला तो नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. मला वाटलं आठवड्यात येईल. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. चव घेणाऱ्यालाच चव नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

इरा : आणि तरी तुम्ही दोन वर्षं पॅनलवर बसलात?

श्रीनिवास : माझ्या समोर सरोज मल्होत्रा बसायची. तिची डावी भुवई. कडू असलं की कपाळाकडे, आंबट असलं की नाकाकडे. मी त्या भुवईवरून गुण द्यायचो. निवृत्तीच्या दिवशी मला शाल दिली, सगळ्यात अचूक जीभ म्हणून. ती शाल खरं तर सरोजच्या भुवईवर घालायला हवी होती.

कांचन : आणि घरी? घरी कोणाची भुवई होती?

श्रीनिवास : तू आमटीतला थेंब पळीनं तळहातावर घेतेस आणि चाटतेस. स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं. मीठ कमी असलं की ओठ मिटून क्षणभर थांबतेस. जमलेली असली की मान किंचित डावीकडे. तेवढं बघायचं आणि पानावर बसायचं.

कांचन : थापा. खिरीच्या दिवशी का नाही कळलं मग?

श्रीनिवास : नैवेद्याची होती. तू चाखलीच नव्हतीस.

इरा : एक मिनिट. परवा मी डाळीत दोनदा मीठ घातलं होतं. मी स्वतः कॅन्टीनमध्ये खाऊन आले होते, रात्री झाकण ठेवताना चाखली तर चमचा फेकावा लागला. तुम्ही दोघंही मुकाट्यानं जेवलात. मी म्हटलं, आजीचं समजू शकते, पण आजोबा तर "वा, आज हात बसला तुझा" म्हणाले.

कांचन : इरा, कान इकडे कर. माझ्या कपाटात, खालच्या खणात, काडेचिराइताची पुडी आहे. सकाळचा शिरा राहिलाय ना गरम डब्यात? त्यात कालव. चमचाभर. चांगले दोन चमचे. आणि तुम्ही डोळे मिटा.

श्रीनिवास : मिटले.

कांचन : इरा आत जाऊन येईपर्यंत मिटलेलेच ठेवा. आणि हातात काय धरलंत ते?

श्रीनिवास : किन्नू. हे इकडचं संत्रं तुझ्यासाठी सोलतोय. डोळे मिटूनही सोलता येतं.

इरा : आणलं. हातभर लांबूनही वास येतोय याला. आजोबा, आ करा.

(श्रीनिवास खातो. सावकाश चावतो. उजवी भुवई वर जाते, मान हलते, आणि तो बोटानं हवेत एक छोटी रेघ ओढतो.)

श्रीनिवास : वा. शिरा ना? रवा चांगला भाजलाय, दाताला कळतोय. आणखी आहे?

इरा : थू. मी नुसतं बोट लावलं जिभेला. माझे कान कडू झाले, आजी.

श्रीनिवास : डोळे उघडू का?

इरा : आजी, तू कुठे बघतेयस? आजी?

कांचन : ती रेघ.

इरा : कसली रेघ?

कांचन : बोटानं हवेत काढली ती. दर रविवारी पहिल्या घासाला काढतात. पुरणपोळीला काढली, भरल्या वांग्याला काढली. मी पोळी तव्यावर टाकून, मान वळवून त्या रेघेची वाट बघायचे. ती आली की मग माझा रविवार. चौदा वर्षांचे रविवार, म्हणजे किती गं?

इरा : सातशेच्या वर.

कांचन : आणि प्रत्येक रेघ खोटी.

श्रीनिवास : नाही. तेवढं एक म्हणू नकोस. थापा मी पुष्कळ मारल्या, पण ती रेघ एकदाही खोटी काढली नाही.

कांचन : मग कशावर काढलीत? काही लागतच नव्हतं तर कसलं सुख होत होतं तुम्हाला?

श्रीनिवास : पहिलं वर्ष कसलंच नाही, रेघही नाही; तू म्हणायचीस, तापाचा अशक्तपणा. तुझ्यासारखाच होतो. ताट समोर आलं की रडू यायचं, मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचो. मला कळेना, सुखाशिवाय मी काही मानत नाही, आता पुढे काय मानू? मग एका रविवारी तू भजी तळत होतीस. बाहेर असंच ऊन होतं. तू एक भजं माझ्या हातावर ठेवलंस आणि ते भाजलं. मी चावलं, तर असा आवाज झाला की मी दचकलो. वरून काटक्या मोडल्यासारखं आणि आत मऊ, ओलं, वाफ टाळूला. बत्तीस वर्षं जिभेचा पगार घेत होतो, त्यामुळे तोंडात दात आणि टाळूसुद्धा आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी दुसरं मागितलं. तुला वाटलं, चवीनं खातायत.

इरा : आणि म्हणून रेघ?

श्रीनिवास : म्हणून. मग मी शोधतच सुटलो. गरम भातात गार दही घातलं की दोन्ही वेगवेगळं कळतं, थोडा वेळच, मग एक होतं. भाकरीचा पापुद्रा ओठाला आधी लागतो. मोहरी तडतडली की घरभर कोणीतरी आल्यासारखं वाटतं. इरा, तुझ्या त्या बागेतल्या म्हाताऱ्याला सांग, मी चीजही मागवलं नाही.

इरा : मी सरांना काय सांगू, मला कळत नाहीये. मी तीन महिने वाचतेय की सुख म्हणजे काय, आणि इथे रोज माझ्या समोर बसून कोणीतरी... मी कधी पाहिलंच नाही.

कांचन : मला का नाही सांगितलंत?

श्रीनिवास : सांगितलं असतं तर तू तो थेंब चाटून माझ्याकडे बघितलं नसतंस. म्हणाली असतीस, यांना काय, काहीही चालतं. मग मुगाची खिचडी सातही दिवस.

कांचन : तेवढंच?

श्रीनिवास : तेवढंच नाही. तू चाखायचीस आणि तुला आवडलेलं मला दिसायचं. ते मला जिभेसारखंच झालं होतं. गेल्या चार महिन्यांत तू तळहातावर थेंब घेतलेला नाहीस. तुझी एकदाच गेली, कांचन. माझी दोनदा.

इरा : आजोबा, पाणी देऊ?

श्रीनिवास : नको. हा किन्नू आधी हिला दे. नाही, थांब, मीच देतो. कांचन, चव शोधू नकोस. ती नाहीये, घरी नसलेल्या माणसाला किती हाका मारायच्या? ही फोड उन्हाकडच्या बाजूनं कोमट आहे आणि आतून गार. दाताखाली धर. नुसती फोड.

कांचन : त्याच हातानं तोंड पुसलंत, शिऱ्याचा कडूपणा असेल त्याला.

श्रीनिवास : असू दे. आपल्या दोघांपैकी कोणाला कळणार आहे?

इरा : आजी हसली. आजोबा, आजी हसली.

कांचन : ओरडू नकोस, गरेवालांची म्हातारी बघतेय. द्या इकडे.

श्रीनिवास : सावकाश.

कांचन : (फोड दाताखाली धरते.)

इरा : काय झालं? नको असेल तर थुंक, आजी, हात धरते मी.

कांचन : फुटली.

श्रीनिवास : हं.

कांचन : एकदम नाही फुटत. आधी बारीक बारीक, मग सगळी. गार. आणि कुठेकुठे कोमट आहे तसंच. इरा, हे आधीही असंच असायचं का गं? किती किन्नू खाल्ले आपण या गावात, पोत्यांनी आणले. असं असतं हे?

इरा : मला नाही माहीत. मी कधी लक्ष नाही दिलं.

कांचन : दुसरी द्या. बी काढून द्या, ती मध्ये येते.

श्रीनिवास : बी राहू दे. तिचाही आवाज आहे.

कांचन : असू दे आवाज. मला फोड ऐकू दे.

इरा : डॉक्टर सुनेत्रांना फोन करू का? सोमवारचं काय सांगू त्यांना?

कांचन : सांग, म्हातारी येते आणि वजन करून घेते. बाकीचं तिथे आल्यावर बोलू. आणि त्या पोरीला सांग, रडू नकोस.

श्रीनिवास : ती खिचडी पुन्हा गरम करू?

कांचन : ती गरेवालांच्या कुत्र्याला घाला. उद्या रविवार आहे ना? इरा, डाळीचं पीठ किती उरलंय बघून ये.

इरा : आजी, तू स्वयंपाक करणार? मीठ कसं कळेल?

कांचन : मिठाला तू आहेस. थेंब तुझ्या तळहातावर देईन.

श्रीनिवास : मग मी हिच्याकडे बघू?

कांचन : तुम्ही दोघांनी कुठेही बघा. मी कान देऊन उभी राहीन.

श्रीनिवास : काय करणार आहेस पण?

कांचन : बघते. आवाज येईल असं काहीतरी.